उखा पाटकऱ्याची काडेपेटी

एका गावात एक पाटकरी होता. उखा त्याचं नाव. पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी वाटणारा माणूस. नदीवर जुना दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट आणि पाटावर साऱ्या गावाची शेती. कोणाच्या वावरात कधी पाणी जायचं ते गावानं ठरवलेलं. उखा फक्त ते पाळायचा. भाऊ असो की व्याही, पाळी आली की पाणी अडवणारी फळी उघडायची, पाळी सरली की बंद. म्हणून गाव त्याला मानायचं, आणि म्हणूनच त्याच्यावर थोडं चिडायचंही.

दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, गावाची बैठक भरायची. पाटकऱ्यानं आपलं फावडं पंचांपुढे जमिनीवर ठेवायचं. गावाचं मन असेल तर पंच ते उचलून पुन्हा त्याच्याच हातात देत. नसेल तर दुसऱ्याच्या. उखाला ते फावडं सतरा वर्षं परत मिळत आलं होतं.

जिथून पाट सुटायचा तिथल्या भिंतीला एक चीर पडली होती. भिंत गेली तर पाट गेला, पाट गेला तर गहूही गेला आणि कांदाही. उखा रोज ती चीर बघायचा. ती वाढते आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण नुसतं ठाऊक असून काय उपयोग? दाखवता आलं पाहिजे.

तालुक्याचे इंजिनियर साहेब दसऱ्यानंतर पाणी उतरलं की वर्षातून एकदा यायचे. माणूस वाईट नव्हता. फक्त विचारायचा, "गेल्या वर्षी केवढी होती?"

पंचांचे प्रमुख हिलाल जिभाऊ दोन बोटं दाखवत. "एवढी."

शेजारचा तीन बोटं दाखवी. तिसरा म्हणे, वीतभर तरी होतीच.

"अहो, तिघांच्या तीन चिरा झाल्या," साहेब म्हणत. "मी वरती कोणती कळवू? जुन्या बंधाऱ्याला चीर असतेच. ती वाढते आहे एवढं दाखवा, दुरुस्ती करून घेणं माझ्याकडे लागलं."

असं तीन वर्षं झालं. शेवटी आखाजीच्या बैठकीत ठरलं, गावानं एक कॅमेरा घ्यायचा आणि चिरेवर नजर ठेवायची. ही गोष्ट फोनला धड डोळे फुटण्याआधीची.

गावाची एक जुनी रीत होती. सामायिक अवजार घ्यायचं तर जो वापरणार त्यानंच पारखायचं. फावडं पाटकरी ठोकून बघणार, दोर विहीर उपसणारा ताणून बघणार. तेव्हा कॅमेराही उखानंच निवडायचा. जिभाऊ मात्र सोबत निघाले. गावाची अब्रू एकट्या पाटकऱ्याच्या हाती कशी सोडायची?

तालुक्याच्या दुकानदारानं दोन कॅमेरे पुढे ठेवले. एक मोठा. पुढे भिंगाचं भलंमोठं नळकांडं, वर पट्टा. दुसरा साबणाच्या वडीएवढा.

उखानं मोठा हातात घेतला आणि तो भुललाच. काय ती पकड! बटण दाबलं की 'खटॅक्' असा भारदस्त आवाज. लहानाचा आवाज म्हणजे चिमणीनं दाणा टिपावा तसा, आला कधी न् गेला कधी.

"फोटो कोणाचा चांगला?" उखानं विचारलं.

"मोठ्याचा," दुकानदार म्हणाला. "खोटं कशाला बोलू? उजेड कमी असला तरी स्वच्छ येतो. पुढे हात बसला की भिंगं बदलता येतात. पण दोन्ही हात लागतात आणि जरा शिकावं लागतं."

"लांबचं जवळ दिसतं?"

"याच्यासोबत आलेल्या भिंगानं फारसं नाही. त्याला वेगळं भिंग घ्यायचं."

"आणि हा लहान?"

"हा साधा. बटण दाबलं की झालं. काम संपलं की डोळा आपोआप आत घेतो, वर पापणी मिटतो. फोटोच्या कोपऱ्यात तारीख उमटवतो."

"तारखेला कॅलेंडर आहे माझ्या घरी," जिभाऊ म्हणाले. "उखा, तो मोठा गळ्यात घाल. घाल रे! आरशात बघ कसा दिसतोस."

उखानं बघितलं. आरशात कोणी साहेबच उभा होता. सतरा वर्षं गुडघाभर चिखलात गेलेल्या माणसाला आपण एकदा तरी असं दिसावं असं वाटलं, तर त्याचं काय चुकलं? काही चुकलं नाही. पण आरशाला काय, त्याला पाट उपसायचा नसतो.

उखाला फळीची आठवण झाली. दिवसातून वीस वेळा तो वाकायचा, फळी वर ओढायचा. आता दुकानातच, गळ्यात कॅमेरा तसाच ठेवून, तो फळी ओढायला वाकावं तसा वाकला. कॅमेरा झोका घेऊन काउंटरच्या काचेवर आदळला. ठक्!

दुकानदाराचा जीव खालीवर झाला. उखानं पट्टा मानेतून काढला, कॅमेरा दोन्ही हातांनी हळूच खाली ठेवला. मग कमरेची चंची सोडली, पानतंबाखू एका कप्प्यात सारली आणि लहान कॅमेरा दुसऱ्या कप्प्यात घातला. बरोबर बसला. तो पुन्हा वाकला. काही आदळलं नाही.

"हा द्या," तो म्हणाला.

जिभाऊंचा चेहरा पडला. "अरे, पलीकडच्या गावच्या लोकांनी बघितलं तर म्हणतील काय? गावानं काडेपेटी आणली?"

"जिभाऊ, मला एका हातानं भिंत धरावी लागते. माझ्याकडे एकच हात उरतो."

जिभाऊंनी ऐकून घेतलं. रीतच होती, मोडणार कशी? पण मानी माणूस. त्यांनी तो मोठा कॅमेरा स्वतःसाठी घेतला, गळ्यात घातला आणि घराकडे निघाले. वाटेत एकच वाक्य बोलले. "उखा, साहेबाला तुझे फोटो पटले नाहीत, तर येत्या आखाजीला फावडं खाली ठेवशील ते परत उचलायची आशा धरू नको."

त्या रात्री उखा नीट जेवला नाही.

गावात कॅमेऱ्याचं नाव पडलं उखाची काडेपेटी. पारावर कोणी विडी काढली की दुसरा ओरडायचा, "अरे उखाला बोलवा, पेटवायचीय!" उखा हसल्यासारखं करायचा. लोकांच्या तोंडाला पाटासारख्या फळ्या नसतात. असत्या तर सतरा वर्षांत त्यानं त्या कधीच बंद केल्या असत्या.

त्यानं आपलं काम धरलं. फावड्याच्या दांड्यावर कोयत्यानं आपल्या बोटाच्या रुंदीच्या खुणा पाडल्या. भिंतीत एक जुनी लोखंडी कडी होती. तिच्यात दांडा अडकवला की तो चिरेवर आडवा राहायचा. मग एका हातानं दगड धरायचा, दुसऱ्या हातानं चंचीतून कॅमेरा काढायचा आणि बटण दाबायचं. दर पौर्णिमेला आणि दर अमावास्येला, न चुकता. श्रावणातल्या पौर्णिमेला पाणी छातीला लागलं, तरी दुधाच्या धुतलेल्या पिशवीत कॅमेरा गुंडाळून तो गेला.

घरी आल्यावर बायकोनं, कौतिकबाईनं, त्याला फैलावर घेतलं. "अहो, काडेपेटी बुडाली तर दुसरी येईल. तुम्ही बुडालात तर आखाजीला पंचांपुढे फावडं कोण ठेवणार? मी?"

"तू ठेवशीलही."

"ठेवीन आणि उचलीनही! पण आधी अंग पुसा."

जिभाऊंचा मोठा कॅमेरा मात्र कपाटात होता. शेतात न्यावा तर धूळ, पाटावर न्यावा तर पाणी, लग्नात न्यावा तर पोरं हात लावतात. रविवारी बाहेर काढायचा, पुसायचा, आल्यागेल्याला 'खटॅक्' ऐकवायचा आणि पुन्हा आत.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी घरोघर अवजारांची पूजा. जिभाऊंनी नांगराचा फाळ, विळे, कोयते मांडले आणि मधोमध कॅमेरा. सून म्हणाली, "मामंजी, झाकण राहू द्या त्याच्या तोंडावर."

"डोळा मिटलेल्याला कुंकू लावतात का?" जिभाऊ म्हणाले. झाकण काढलं आणि तेलात कालवलेलं कुंकू अंगठ्यानं भिंगाच्या काचेवर दाबून लावलं. वर अक्षता. मग मोठ्या समाधानानं झाकण लावून टाकलं.

उखाच्या घरीही पूजा झाली. कौतिकबाईनं फावड्याला कुंकू लावलं, काडेपेटीलाही लावलं. पण काडेपेटीनं डोळा आधीच आत घेतला होता. कुंकू पापणीवर लागलं, दुसऱ्या दिवशी उखानं ते पुसून काढलं.

कोजागरी उलटली आणि साहेब आले. सारं गाव बंधाऱ्यावर जमलं. जिभाऊ गळ्यात मोठा कॅमेरा घालून पुढे. उखा मागे. त्याचा हात चंचीवर होता.

"आजचा एक फोटो लागेल वरती पाठवायला," साहेब म्हणाले.

"तू थांब," जिभाऊ उखाला म्हणाले. "हे काडेपेटीचं काम नव्हे."

त्यांनी काठावरूनच डोळ्याला कॅमेरा लावला. खाली भिंतीच्या बेचक्यात उतरायची त्यांची छाती नव्हती, एवढं अवजड घेऊन कोण उतरणार? 'खटॅक्, खटॅक्' झालं. साहेबांनी मागच्या पडद्यावर बघितलं. चीर दिसत नव्हती. भिंत दिसत नव्हती. सगळं तांबूस, धुरकट, गुलालाच्या मिरवणुकीत काढल्यासारखं.

"जिभाऊ, हे काय?"

जिभाऊंनी कॅमेरा गळ्यातून काढून साहेबांच्या हाती दिला. मग हळूच म्हणाले, "साहेब, खरं सांगू? दसऱ्यापासून मला यातून असंच दिसतंय. मला वाटलं माझे डोळे चालले. घरात कोणाला बोललो नाही."

साहेबांनी कॅमेरा उलटा करून भिंगाकडे बघितलं. बोट लावलं. बोट लाल झालं.

"तुमचे डोळे शाबूत आहेत. याचा डोळा तुम्ही कुंकवानं भरलाय."

आधी कोणी हसलं नाही. मग जिभाऊच हसले. असे हसले की त्यांना बसावं लागलं. पंधरवडाभर मनात धरलेलं ओझं एका क्षणात उतरल्यावर माणूस आणखी काय करणार? "अरे, मी आंधळा नाही रे!" म्हणत ते डोळे पुसत राहिले.

"पण फोटो?" साहेबांनी विचारलं.

उखा पुढे आला. चंचीतून दुधाची पिशवी काढली, पिशवीतून फोटो काढले. तालुक्याला जाईल तेव्हा छापून आणलेले, वैशाखापासून कोजागरीपर्यंतचे अकरा. ते त्यानं बंधाऱ्याच्या माथ्यावर ओळीनं मांडले आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एक खडा ठेवला. हे पटले नाहीत तर भिंतही गेली आणि फावडंही.

साहेब वाकून एकेक बघत गेले.

"हा दांडा कसला?"

"फावड्याचा. माझ्या."

"प्रत्येक फोटोत हाच?"

"सतरा वर्षं हाच."

"आणि या खुणा?"

उखानं आपलं बोट पुढे केलं. साहेबांनी खिशातली टेप काढून बोट मोजलं, मग दांड्यावरची खूण मोजली. पुन्हा पहिला फोटो बघितला. चीर दोन खुणांची. अकरावा बघितला. चार खुणा आणि वर अर्धी. प्रत्येकाच्या कोपऱ्यात तारीख.

"तीन वर्षं मी हेच मागत होतो," साहेब म्हणाले. "ही भिंत पुढचा पूर काढणार नाही. पाणी आणखी उतरलं की गवंडी पाठवतो. आजचा फोटोही तुम्हीच काढा."

उखा खाली उतरला, दगड धरला, दांडा कडीत अडकवला आणि बारावा फोटो काढला. चिमणीनं दाणा टिपला. मग तो तिथेच, ओल्या दगडावर, मटकन बसला.

हिवाळ्यात काम झालं. चीर खोलवर साफ करून बुजवली, भिंतीला बाहेरून दगडाचा टेकू दिला. आखाजीला बैठक भरली. उखानं फावडं जमिनीवर ठेवलं आणि मान खाली घातली. पंचांपैकी कोणी हलायच्या आत जिभाऊ स्वतः उठले. त्यांनी फावडं उचललं, दांड्यावरच्या खुणांवरून अंगठा फिरवला आणि ते उखाच्या हातात दिलं.

"घे. आणि ती काडेपेटी दे जरा, तुझा फोटो काढतो."

"मोठ्यानं काढा की जिभाऊ. आता तो साफ झालाय."

"तो नातीच्या शाळेच्या संमेलनाला गेलाय. तिचा हात बसलाय त्याच्यावर. झकास फोटो काढते पोरगी." जिभाऊंनी लहान कॅमेरा उलटसुलट केला. "याचं बटण कुठंय रे?"

बायकांच्या घोळक्यातून कौतिकबाईचा आवाज आला. "जिभाऊ, बघून दाबा! नाहीतर पेटेल!"

सगळी बैठक हसली. त्या फोटोत उखाचे डोळे मिटलेले आले. पण चेहरा बघावा. बारा महिन्यांनी झोप लागलेल्या माणसासारखा.

तात्पर्य: अवजार आपल्या कामाच्या आणि आपल्या हाताच्या मापानं घ्यावं, बघणाऱ्यांच्या डोळ्यांच्या मापानं घेऊ नये. मोठं अवजार वाईट नसतं, ज्याचा हात त्यावर बसतो त्याच्याकडे ते शोभतं. पण वेळेला जे हाताशी असतं, तेच खरं आपलं.