तीन खडकांची हाक

फार पूर्वी, होकायंत्र कुणी पाहिलंही नव्हतं तेव्हा, एका खाडीच्या तोंडाशी तीन खडकांवर तीन टिटव्या बसत. धुकं पडलं की कासवदादा शिंपला वाजवत आणि त्या ठोक्याला तिघी एकदम हाक देत. कुठली हाक आधी पोचली, कुठली मागून, यावरून वाटेवरची पाखरं आपलं घर शोधत. सोय सगळ्यांची, त्यात ना मोल, ना वशिला.

तिसऱ्या खडकावरच्या टिटवीचा नवरा समुद्रापार गेला तो परतलाच नव्हता. एका सकाळी तिला राहवलं नाही. ठोका पडायच्या आधीच तिनं त्याच्यासाठी हाक घातली. बदकांचा थवा चुकला आणि खडकावर आपटता आपटता वाचला.

पंचायत बसली. "हिला काढा. हिचं चित्त ठिकाणावर नाही," कावळा म्हणाला.

"काढू की," कासवदादा म्हणाले. "जिचं कुणीच बाहेर नाही, अशी एखादी बसवू. पहिल्याच धुक्यात घोरत पडेल."

कावळ्यानं आपलं म्हणणं मागे घेतलं. दादा टिटवीकडे वळले. "बाई, तुझ्या एकटीच्या हाकेवर त्याला वाट कशी कळणार? तिघींची जुळली तरच तो घरी येईल."

पुढच्या धुक्यात टिटवीनं घशाशी आलेली हाक ठोक्यापर्यंत धरून ठेवली आणि दोघींच्या बरोबरीनं दिली. थोड्या वेळानं पंख वाजले. तिनं मान उंचावली. शेजारणीचा नवरा होता.

"सापडलं बाई घर," तो म्हणाला.

"बरं झालं, भावजी," ती म्हणाली, आणि तिनं पुढच्या ठोक्याकडे कान लावले.