कालवाच्या पिल्लाची जागा

खाडीतली कालवं बोलत होती, तेव्हाची ही गोष्ट. कालवाचं पिल्लू लहानपणी पोहतं, पण एकदा कुठं चिकटलं की जन्मभर हलत नाही. धुरपाकाकी नावाच्या म्हाताऱ्या कालवाला अशाच एका पिल्लानं अगदी वात आणला होता. हा खडक बुळबुळीत आहे, त्या खुंटाला वास येतो, तिकडचे शेजारी फार बडबडे आहेत.

"अरे, तुझे पोहायचे दिवस संपत आले. जागा धरली नाहीस तर मरशील," काकी करवादली. "कुठंही चिकट, पण एकदाचं चिकट."

पिल्लू घाबरलं आणि काकीच्याच पाठीला घट्ट चिकटलं. काकीनं सुटकेचा निःश्वास टाकला.

थोड्या वेळानं पाठीवरून आवाज आला, "काकी, जरा सरकून बस ना. मला इथं ऊन लागतंय."