दाराचा रंग

“मग माझं चुकलं कुठं, उस्ताद?”

मकरंद फरांदेनं तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीर उस्ताद ओसरीवर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

उस्तादांनी साखर कारखान्यात छत्तीस वर्षं बिघाड होताच वीज तोडणाऱ्या रिलेची पॅनेलं जोडली होती. मकरंदनं दोन वर्षं त्यांच्या हाताखाली काढली आणि मग स्वतःचं वर्कशॉप थाटलं. त्याची पॅनेलं देखणी असत, गिऱ्हाईक पॅनेलच्या चकचकीत दारात तोंड बघून घेई. नाव झालं, तसं त्याचं मिरजेला उस्तादांकडे येणं सुटलं.

आज सहा वर्षांनी तो आला होता.

अकरा दिवसांपूर्वी, भर दुपारी, नदीकाठच्या पंपघराच्या लाइनवर वीज पडली. पंपचालक यल्लाप्पा घस्ती पंप बंद करायला धावला. पॅनेलचं दार उघडायला त्यानं मुठीला हात घातला, आणि तिथंच गेला.

पॅनेल मकरंदनं बनवलं होतं.

“विजेचा लोंढा जमिनीत सोडणारा अरेस्टर बसवला होता, उस्ताद. चांगल्यातला चांगला. अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळसा घालून भरला. मीटर लावून मोजलं, विजेला अडथळा एक ओहमसुद्धा भरला नाही. चौकशीत लिहिलंय, दैवी आपत्ती. सगळे म्हणतात, तुझा दोष नाही...”

“मग?”

“तुम्ही म्हणा.”

उस्तादांनी अडकित्ता खाली ठेवला.

“चल.”

पंपघरात पॅनेल तसंच उभं होतं. आतून काळं, बाहेरून अजून चकचकीत. उस्तादांना आता नीट दिसत नसे. ते बोटांनी चाचपत गेले. पॅनेलच्या अंगाकडून दाराकडे आलेली अर्थिंगची वायर... तिचं टोक... टोकावरचा बोल्ट. तिथं बोट थांबलं.

“मोजलंस कुठं?”

“खड्ड्यापाशी.”

“आणि यल्लाप्पाचा हात कुठं होता?”

मकरंदची नजर दाराच्या मुठीवर गेली.

“कुठं होता?”

“...दाराला.”

“पाना घे.”

बोल्ट निघाला. वायरीच्या टोकाखाली रंग शाबूत होता. साधा ओरखडा नव्हता. विजेच्या तडाख्यानं दारावर बसवलेल्या रिले जळल्या आणि लाइनचा प्रवाह दारात उतरला, पण पुढं जमिनीकडे जायला धातूला धातू भिडलेलाच नव्हता. बोल्ट लावण्याआधी खालचा रंग खरवडायचा. उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं ते.

“दार खराब दिसेल म्हणून मी...” मकरंदनं त्या रंगावरून अंगठा फिरवला.

“अशी दारं किती?”

“बावीस.”

मग मकरंद हळू आवाजात म्हणाला, “चौकशी संपलीय, उस्ताद. हा बोल्ट परत आवळला, तर कुणाला कळायचं नाही.”

“आवळ की,” उस्ताद म्हणाले. “मला कुठं दिसतंय?”

आणि भिंतीला धरत ते बाहेर जाऊन बसले.

मकरंद बाहेर आला तेव्हा बोल्ट त्याच्या मुठीत होता.

दुसऱ्या दिवसापासून तो बावीस गावं फिरला. प्रत्येक पंपघरात वीज बंद करून बोल्ट काढला, खालचा रंग पांढरं लोखंड दिसेतो खरवडला, वायर पुन्हा आवळली आणि या वेळी मीटर दाराच्या मुठीला लावून मोजलं. मग चौकशीच्या कचेरीत स्वतःच्या हातानं सगळं लिहून दिलं. लायसन गेलं. वर्कशॉपला कुलूप लागलं.

सगळ्यात शेवटी तो यल्लाप्पाच्या घरी गेला. त्याची बायको कमळव्वा जोंधळा निवडत होती. मकरंद बोलत होता तोवर तिचे हात चालूच राहिले. तो थांबला, तसे तेही थांबले.

“म्हंजे देवानं न्हाई न्हेला त्येला,” ती म्हणाली. “एवढं दिस देवाला बोल लावला मी.”

मग उठली आणि पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला. त्यानं तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला.

तिथून तो थेट उस्तादांकडे आला. खाली, अंगणातच बसला.

“बावीस दारं झाली. लिहून दिलं. तिलाही सांगितलं, उस्ताद. तरी हे आतलं हलत नाही...”

उस्ताद चाचपत ओसरीच्या कडेला आले.

“कुठं सोडू मी हे?”

उस्तादांनी वाकून अंगणातली माती चाचपली. मुठीत घेतली. तशीच सोडली...

“जमीन विजेलाच पुरते, बाळ.”