गौरीच्या ओटीतलं बी

रेवा, पाय आत घे. निनाद, उशी एकच आहे, ओढाओढ करायची नाही. आणि तुमच्या आया आत भांडी का आपटतायत ते मला विचारू नका. त्यांचं त्या बघून घेतील. तुम्ही गोष्ट ऐका. मध्ये कुणी चुळबुळ केली तर मी तिथंच थांबणार, बरं का.

तर एक होतं घर आणि घरात होत्या तीन जावा. जावा म्हणजे भावाभावांच्या बायका, तुमच्या आया आहेत तशा. थोरली गजरा, मधली सारजा आणि धाकटी भिवरा. त्यांची सासू टोमॅटो लावण्यात पटाईत होती. बी बाजारातलं नव्हे हं. तिला तिच्या सासूनं दिलेलं, आणि त्या सासूला तिच्या सासूनं. असं मागून मागून आलेलं.

त्या बियांच्या तीन जाती होत्या. एक चुण्याळी. लाल, थोराड, अंगावर निऱ्यांसारख्या चुण्या. दुसरी खारकी. खारकेसारखी लांबट, आत नुसता गर, तोडून ठेवली तरी लवकर मऊ पडायची नाही. आणि तिसरी ठुशी. पिवळी, इवली इवली, घोसानं लागायची आणि गोड असायची. तीन चिंध्यांत तीन पुरचुंड्या, आणि त्या एका वाळक्या भोपळ्यात. भोपळा टांगलेला चुलीवर, धुरात, म्हणजे कीड लागत नाही.

मग काय झालं, सासू म्हातारी झाली. जायच्या आधी तिनं तो भोपळा काढला आणि धाकट्या भिवराच्या हातात दिला. म्हणाली, "तिन्ही जाती सांभाळ. एकही संपू देऊ नकोस."

भिवरा म्हणाली, "हो."

भिवरा सगळ्यांनाच हो म्हणायची. तेवढी एक खोड होती तिला. भीडच फार. कुणी म्हटलं तुझी शेळी दे, हो. कुणी म्हटलं माझं दळण कर, हो. मग वाटण्या झाल्या तेव्हा थोरलीनं विहिरीजवळची जमीन घेतली, भिवरा म्हणाली हो. मधलीनं ओढ्याकडची घेतली, भिवरा म्हणाली हो. शेवटी तिच्या वाट्याला आला परसातला एक वाफा, या आपल्या खाटेएवढा. आणि चुलीवरचा भोपळा.

एवढं सगळं घेऊन थोरली आणि मधली खूश व्हायला हव्या होत्या की नाही? पण नाही. त्या भिवराशी बोलेनाशा झाल्या. आणि एकमेकींशीही बोलेनाशा झाल्या. का, ते कुणी सांगेना. शेजारी शेजारी तीन घरं, तीन चुली आणि तिन्हीकडे गप्प. पोरं एकमेकांकडे जाऊन जेवायची, पोरांना काय त्याचं. झोपला का रे? मग हुं म्हणत जा.

भिवरा दर वर्षी भोपळा खाली काढायची. वाफ्यात कुठली जात लावू, असा विचार करायची. सासूचा दंडक होता, एका वाफ्यात एकच जात. जवळजवळ लावल्या की सरमिसळ होते, मग धड ही नाही आणि धड ती नाही. एक निवडायची म्हणजे दोघींना नाही म्हणायचं. ते तिच्यानं व्हायचं नाही. मग ती म्हणायची, पुढच्या वर्षी बघू. आणि भोपळा परत चुलीवर.

असं करता करता बी म्हातारं झालं. बीसुद्धा म्हातारं होतं बरं का. वेळेत पेरलं नाही तर ते आतल्या आत मरून जातं, वरून कळतसुद्धा नाही.

एका वर्षी गौरी-गणपती जवळ आले. टोमॅटोचं बी टाकायचं ते त्या सुमाराला, म्हणजे थंडीत फळ येतं. भिवरानं दुपारी सुपात तीन ढिगल्या घातल्या आणि ऊन दाखवायला ठेवल्या. तर दारात एक बाई आली. ऐसपैस, लाल लुगडं, निऱ्याच निऱ्या. बसली तर अख्खी पायरी भरली. पाणी प्याली आणि म्हणाली, "भिवरे, यंदा मला पेर. मला आता पुढच्या वर्षाचा दम नाही."

भिवरानं ओळखलं. चुण्याळीच ती. भिवरा म्हणाली, "हो, तुलाच पेरते."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरी आली. लांबोडकी, सडसडीत, चापूनचोपून नेसलेली. ती म्हणाली, "मी खारकी. मी टिकाऊ म्हणून सगळे मला मागं ठेवतात. आता माझंही संपत आलंय."

भिवरा म्हणाली, "हो, तुलाच पेरते."

तिसऱ्या दिवशी आली ठुशी. पिवळं परकर-पोलकं, रेवाएवढी मुलगी, आणि मागं तशाच आणखी डझनभर, सगळ्या एकमेकींचा हात धरून. त्यांनी काही मागितलंच नाही. नुसत्या रडायला लागल्या. मग भिवरा काय म्हणणार? शाबास. हो म्हणाली.

आता वाफा एक आणि शब्द दिला तिघींना. चौथ्या दिवशी बी परत भोपळ्यात घातलं तर आत नुसता खडखडाट. ही म्हणते मी, ती म्हणते मी. भिवरानं कान लावला तर आतून तिघींनी एकदमच सांगितलं, "शब्द मोडलास तर एकही उगवणार नाही. आम्ही एकत्र नांदलेल्या आहोत, जाऊ तर एकत्रच जाऊ."

सासूला दिलेला शब्द भिवराच्या डोळ्यांपुढे आला. ती भोपळा मांडीवर घेऊन बसून राहिली. जमीन होती जावांकडे. पण जावांशी बोलणं नाही. द्यायला गेलं आणि त्यांनी तोंडावर दार लावलं तर? आणि बी रागानं उकिरड्यावर टाकलं तर?

मग गौरी आल्या. तिन्ही घरी वेगवेगळ्या बसल्या. आणि भिवराला सुचलं. अबोला असला तरी गौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या सवाष्णीला कुणी परत पाठवत नाही. आणि गौरीच्या ओटीत आलेलं कुणी टाकून देत नाही. तांदूळ आले तर शिजवायचे, खण आला तर शिवायचा. मग बी आलं तर?

रेवा बरोबर बोलली. पेरायचं.

भिवरा थोरलीकडे गेली. गजरानं तिला बघितलं, तोंड मिटूनच कुंकू लावलं, तोंड मिटूनच साखर दिली. भिवरानं गौरीची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण आणि वर चुण्याळीची पुरचुंडी. गजरानं डोळे मोठे केले. पण गौरीच्या समोर काय बोलणार? मग भिवरा मधलीकडे गेली. तिथं गौरीच्या ओटीत खारकीची पुरचुंडी. सारजानं नाक मुरडलं, पण पुरचुंडी ठेवून घेतली. उरली ठुशी. ती भिवरानं स्वतःच्या वाफ्यात टाकली, तिला जागा थोडीच लागते.

गौरी गेल्या. थोरलीनं बी पेरलं, मधलीनं पेरलं. गौरीचं म्हणून, दुसरं काही नाही. आणि म्हातारं बी ते, थोडं मेलं, थोडं उगवलं. रोपं झाली, काठीला बांधली, फुलं आली. पिवळी पिवळी फुलं, तिन्हीकडे. भिवराला हायसं वाटलं.

पण फळ धरेना. फूल यायचं आणि गळायचं. राख टाकून झाली, शेणकाला घालून झाला. गळायचंच. तिन्हीकडे तेच, आणि एकीचं दुसरीला माहीत नाही, कारण बोलणंच नाही. जी ती आपापल्या वाफ्याशी कपाळाला हात लावून.

मग एका दुपारी ती लाल लुगड्याची बाई गजराच्या बांधावर येऊन बसली. गजरानं विचारलं, "कोण गं तू?"

"मी तुझ्या वाफ्यातली. आम्ही तिघी एका भोपळ्यात राहिलेल्या. रात्रंदिवस एकमेकींचा आवाज ऐकलेला. इथं आल्यापासून नुसती सामसूम. मला करमत नाही. करमल्याशिवाय मी फळ धरत नसते."

"मग मी काय करू?"

"ते तुला ठाऊक," ती म्हणाली आणि उठून वाफ्यात शिरली. तिकडे सारजाकडे सडसडीत बाई गेली आणि तिनंही तेच सांगितलं.

गजरा बांधावर उभी राहिली. इतक्या वर्षांनी पहिला शब्द काय बोलायचा, हे काय सोपं आहे होय? शेवटी तिनं हाक मारली, "भिवरे, तुझ्याकडे फळ धरलं का गं?"

भिवराच्या हातातली घागरच सुटली. म्हणाली, "नाही, आक्का."

ओढ्याकडून सारजा ओरडली, "माझ्याकडेपण नाही."

"तुला कुणी विचारलं?" गजरा म्हणाली.

"विचारायच्या आधी सांगितलं."

आणि तिघी हसल्या. मग थोरली बांध ओलांडून भिवराच्या परसात आली, मागनं मधली आली. गजरा खाली बसली आणि म्हणाली, "जमीन मला हवी होती म्हणून घेतली, खोटं कशाला बोलू. पण भोपळा आत्याबाईंनी तुला दिला. मीही सूनच होते ना त्यांची? मी त्यांच्याबरोबर वाफे खुरपले, पाणी घातलं. मला फार लागलं गं ते."

सारजा म्हणाली, "मलाही. आणि मला वाटलं, भोपळा तुला जाणार हे आक्काला आधीच माहीत होतं आणि तिनं मला सांगितलं नाही."

भिवरा म्हणाली, "मागितला असतात तर दिला असता की."

"ते माहीत होतं," गजरा म्हणाली. "तू नाही म्हणणारी असतीस तर मागितला असता. तू कशालाही हो म्हणणार, म्हणून मागायची लाज वाटली."

त्या दिवसापासून रोज बांधावरून हाका. मीठ आहे का, पोरगं तिकडं आलंय का, कडी लाव गं. काही कामाचं नाही, नुसतं बोलणं. आणि फुलं गळायची थांबली. आधी ठुशीनं घोस धरला, मग खारकी लोंबायला लागली, सगळ्यात शेवटी चुण्याळी फुगली.

पहिलं पिकलेलं फळ कुणी खाल्लं नाही. ते बियांचं. तिघींनी एकत्र बसून ती फळं मडक्यात कुस्करली, फेस येईपर्यंत ठेवली, धुतली आणि बी राखेवर वाळवलं. मग भोपळे केले तीन. प्रत्येक भोपळ्यात तिन्ही जाती. एकीकडची गेली तरी दुसरीकडे राहावी म्हणून. आणि गजरानं विहिरीकडची एक पट्टी भिवराला दिली. भिवरा पहिल्यांदा नको म्हणाली. दोघींनी चमकून तिच्याकडे बघितलं. मग तिनं घेतली.

नंतर त्या भांडल्या नाहीत असं नाही हं. पुष्कळ भांडल्या. पण बोलून भांडल्या, आणि फुलांच्या दिवसांत तर अजिबात अबोला धरला नाही. तिन्ही घरं खाऊनपिऊन सुखात राहिली, आणि ते बी हिंडत हिंडत कुणाकुणाच्या ओटीतून आपल्या माळ्यावर आलं.

ऐकलंत? आतली भांडी मघापासून थांबलीत. कान इकडेच होते तर. असू देत. उद्या सकाळी मी भोपळा काढणार आहे. चुण्याळी रेवाच्या आईनं टाकायची, खारकी निनादच्या आईनं. ठुशी तुम्ही दोघं. मी पाणी घालणार नाही, राखही टाकणार नाही. फुलं येऊ देत, मग बघू कोण आधी हाक मारतंय.

निनाद, हसू नकोस, झोप. रेवा, त्याला थोडी उशी दे. दिवा मी मालवते.