एकट्यावर पडलेलं धुकं

"...आणि हा लघुग्रहच कशावरून?" मुजावर सरांनी विचारलं.

"सरकतोय, सर. तिन्ही रात्रींच्या चित्रांत. कुठल्याच यादीत नाही." ऋताने लॅपटॉप त्यांच्यापुढे केला. "आणि ठिपका बघा किती रेखीव आहे. सुईने टोचल्यासारखा."

टेकडीवरच्या लहानशा वेधशाळेच्या ओसरीत दोघं बसली होती. सकाळचं ऊन पायांवर आलं होतं.

ऋता ढमढेरे कॉलेजात असल्यापासून सरांकडे दुर्बीण शिकत होती. सुरुवातीला ती प्रत्येक धडा अर्ध्यात तोडून म्हणायची, "पुढचं सांगा." सर पुढचं सांगायचे नाहीत. मागचंच पुन्हा सांगायचे.

आज तिने शोध कळवण्याचा मजकूर लिहूनच आणला होता. फक्त पाठवायचा राहिला होता. लघुग्रहाला नाव सुचवायचा मान शोधणाऱ्याला मिळतो, आणि तिने ते नाव केव्हाच ठरवलं होतं: मुजावर. शिकवण्याच्या बदल्यात सरांनी तिच्याकडून कधी काही घेतलं नव्हतं. हे मात्र घ्यावंच लागेल, असं ती पायऱ्या चढतानाच बजावत आली होती.

सर चित्राकडे बघत राहिले.

"मूळ चित्र?"

ती म्हणाली, त्यात बघण्यासारखं काही नाही. दरीतलं धुकं वर आलं होतं, त्यामुळे ठिपका पसरट दिसत होता. जागा अचूक मोजता यावी म्हणून तिनेच संगणकावर तो धूसरपणा काढून टाकला.

"मूळ चित्र, ऋता."

तिने उघडलं.

सरांनी बोटाने तो ठिपका झाकला. "आता शेजारचे तारे बघ."

ते फिके होते, पण नीट होते. एकेक टिंब वेगळं.

सरांनी बोट उचललं. काचेवर कुणी श्वास सोडावा तसा तो ठिपका. मधे उजळ, कडेला विरत गेलेला.

"धुकं होतं म्हणतेस."

"होतं, सर."

"...एकट्या त्याच्यावरच पडलं होतं?"

तिने उरलेल्या दोन रात्रींची मूळ चित्रं उघडली. तोच धूसर वेढा. ठिपका जिथे जाईल तिथे त्याच्याबरोबर.

ती म्हणाली, "त्याच्यावरचा बर्फ उडतोय, सर. हा वायू आहे. मी... मी तोच पुसून काढला."

"मग काय म्हणायचं याला?"

"धूमकेतू."

सर हसले. एवढं मनापासून हसताना तिने त्यांना क्वचितच पाहिलं होतं. त्यांनी सांगितलं, खात्रीसाठी दुसऱ्या वेधशाळेतल्या कुणालाही आज रात्री बघायला सांग, पण जे दिसलं ते आधी कळव.

ऋताला मात्र हसू आलं नाही. धूमकेतूला नाव निवडायची सोय नसते. शोधणाऱ्याचंच लागतं.

"धूमकेतू ढमढेरे," सर म्हणाले. "लोक नुसत्या नावानेच घाबरतील."

तिने लॅपटॉप मिटला.

"थट्टा नको, सर. मी तर त्याला दगड म्हणून पाठवणार होते. दिसला तो तुमच्यामुळे. आजवर जे जे दिसलं ते तुमच्यामुळेच. आणि तुमचं नाव कुठेच नाही... एवढी एकच गोष्ट मला द्यायची होती."

सरांनी गार झालेला चहा संपवला. कप खाली ठेवला.

"सूर्याजवळ आला की सूर्याच्याच उबेने शेपूट वाढेल त्याला. कुठल्या बाजूला वाढेल?"

हा पहिल्या वर्षाचा प्रश्न होता. तिला जरा रागच आला.

"सूर्याच्या उलट दिशेला."

"म्हणजे सूर्याकडे पाठ करून."

"हो, सर."

सरांनी लॅपटॉप पुन्हा उघडला आणि तिच्याकडे वळवला. मजकुरात अजून 'लघुग्रह' हाच शब्द होता.

"मग... सूर्य कधी रागावलाय?"