कानशेटची पाणपोई

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राजाच्या राज्यात ती घडली त्याचं नावही आता कुणाला सांगता येणार नाही. नदीकाठी कोष्ट्यांचं एक गाव होतं. घरोघरी माग चालत. दुपारी हात मोकळे झाले की माणसं सावली बघून टेकत आणि सुखदुःखाचं बोलत.

एके वर्षी त्या गावात एक व्यापारी आला आणि त्याने नदीच्या वाटेवर पाणपोई घातली. पाणपोई कसली, छोटा दरबारच म्हणा! वर गवताचं गार छप्पर, खाली सारवलेली जमीन, बसायला मऊ घोंगड्या, लेकरांना झोपाळे. प्यायला वाळ्याचं पाणी आणि येईल त्याच्या हातावर गुळाचा खडा. पैसा कुणाकडेच मागायचा नाही.

"बसा, बोला, मन मोकळं करा," एवढंच तो म्हणायचा.

लोक म्हणाले, केवढा धर्मात्मा!

सारं गाव तिथे जमू लागलं. कुणाची गाय व्यायली, कुणाचा गुडघा धरला, कुणाच्या मुलीला स्थळ बघतायत, सगळं तिथे बोललं जाई. पाणी देणारे नोकर पाणी ओतता ओतता ऐकत. संध्याकाळी तेच बोलणं बाजारपेठेत विकलं जाई. गुडघा तेलवाल्याला, गाय पेंडवाल्याला, मुलगी सोनाराला. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याचा त्याचा विक्रेता ज्याच्या त्याच्या दारात उभा!

हे गावाला कळलं नाही असं समजू नका. कळलं. लोक हसले, त्या व्यापाऱ्याला त्यांनी 'कानशेट' असं नाव ठेवलं, आणि गूळ खात राहिले.

त्यांतलीच एक बयजाबाई. हाताने चोख, जिभेने तिखट. तिचा मुलगा आणि सून तुळसा, दोघंही मागावर बसत. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर तुळसाला दिवस गेले, तेव्हा बयजाबाईच्या तोंडात तीळ भिजेना. त्याच दुपारी तिने पाणपोईवर सगळ्यांना सांगून टाकलं.

दुसऱ्या सकाळी दारात सुताराचा माणूस आला. "पाळणा घ्या, पाळणा! वर टांगायला लाकडी राघू!" मग कुंची-टोपडीवाली आली, घुटीवाला आला, डिंकाच्या लाडवांची टोपली घेऊन एक बाई आली.

"यांना कसं बाई कळतं सगळं!" बयजाबाई कौतुकाने म्हणाली. तुळसा लाजून हसली.

सातव्या महिन्यात एके पहाटे तुळसाचं पोट दुखू लागलं. सुईण धावत आली. मुलगी जन्मली, पण रडली नाही.

त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. आणि ऊन अंगणात उतरतं न उतरतं तोच दारात हाक आली, "पाळणा घ्या, पाळणा!"

बयजाबाई बाहेर आली. "नको आम्हाला. जा."

"अहो आजी, दिवस भरत आले की! मग कधी घेणार?"

तिने त्याला हाकललं. तो गेला आणि घुटीवाला आला. पुढे तुळसा पुन्हा मागावर बसू लागली, त्या दिवशी टोपडीवाली आली. तिने तर उंबऱ्यापाशी बसून चिमुकली झबली पसरली आणि पाळण्याचं गाणं म्हणायला सुरुवात केली. आत मागाची खटखट थांबली. बयजाबाईने वळून पाहिलं, तर तुळसा दोन्ही हातांनी कान दाबून भिंतीकडे तोंड करून बसली होती.

रोज हेच. एकाला हाकलावं तर दुसरा येई. मेलेल्या लेकराचे कपडे विकायला माणसं दारात बसतात, आणि त्यांतल्या एकालाही विचारावंसं वाटत नाही की बाळ-बाळंतीण बरी आहे का! सांगा, याला बाजार म्हणायचं की गिधाडांची पंगत?

शेवटी बयजाबाई कानशेटकडे गेली. तो पाणपोईच्या मागच्या पडवीत पान लावत बसला होता.

"शेट, आमच्याकडे माणसं पाठवणं थांबवा."

"मी कुठे पाठवतो? तुम्हीच माझ्याकडे बसून सांगितलंत. मी ते पुढे सांगितलं. कुणाला जबरदस्ती केली का?"

"मग आता हेही पुढे सांगा. आमचं मूल गेलं."

कानशेटने पानाला चुना लावला. "त्याचं काय आहे बयजाबाई, त्या बातमीला गिऱ्हाईक नाही."

बयजाबाई तशीच वळून घरी आली. 

पण कानशेट विचार करणारा माणूस होता. दुसऱ्या दिवशी पाळणेवाला आला नाही. गंडेदोरेवाला आला. मग नवसाचे नारळ विकणारा आला. मग वांझपणावर मुळी देणारा वैद्य आला आणि मोठमोठ्याने, गल्ली ऐकेल असा, तुळसाला काय झालंय ते सांगू लागला. आणि ऊन चढल्यावर एक मध्यस्थ आला. त्याने बयजाबाईला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मुलाचं दुसरं लग्न करायचं असेल तर माझ्याकडे चांगली सोयरीक आहे."

तुळसा दारामागेच उभी होती. तिने ते ऐकलं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "तुम्ही सांगितलंत का त्यांना, दुसरी बघा म्हणून?"

बयजाबाईने तिचा हात धरला. "नाही गं बाई, नाही. मी शेटला फक्त एवढंच सांगितलं की आमचं मूल गेलं."

गिऱ्हाईक नव्हतं ना त्या बातमीला? एका दिवसात मिळालं होतं!

त्याच दुपारी बयजाबाई पाणपोईवर गेली. सगळं गाव बसलं होतं. नोकराने तिच्या हातावर गूळ ठेवला. तिने तो त्याच्याच तांब्यात टाकला आणि उभ्याउभ्या झालेलं सगळं सांगितलं. पाळणा, गाणं, मुळी आणि ती सोयरीक.

"पहिली चूक माझीच," ती म्हणाली. "मीच इथे येऊन बोलले. पण इथे बसलेले तुम्हीही बसल्याजागी विकले जाताय. तुमचं हसणं विकतात, तुमचं रडणं विकतात, आणि थांबवा म्हणून सांगायला गेलं तर तेही विकतात!"

 कुणीतरी पुटपुटलं, "पण पाणी गार असतं हो इथलं."

कानशेट पुढे आला आणि हसला. "बघा बरं! मी कुणाला धरून आणतो का?"

"नाही आणत," बयजाबाई म्हणाली. "म्हणून तर उठून जाता येतं."

ती निघाली. पहिल्यांदा कुणीच हललं नाही. मग छपराखालून वाट काढत सुतार पुढे आला. तो त्या दिवशीच्या बातम्या घ्यायला आज लवकरच आला होता. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"मूल गेलं? आणि मला कुणी सांगितलं नाही? त्या दाराचे मी तुला पैसे मोजत होतो, शेट! आधी माणसं आपल्या पायांनी माझ्या दुकानात यायची. आता माझंच गिऱ्हाईक तू मला विकतोस, आणि दर सणाला भाव चढवतोस!"

तो बयजाबाईच्या मागोमाग गेला. मग दोघीतिघी उठल्या. बाकीचे बसून राहिले. गूळ कुणाला सुटतो?

उठलेली माणसं घाटावरच्या चिंचेखाली बसू लागली. तिथे मुळं टोचत, मुंग्या चावत, पाणी घरून न्यावं लागे. पण तिथे झालेली गोष्ट तिथेच राही. हे हळूहळू इतरांच्याही लक्षात आलं. कानशेटने गुळाऐवजी लाडू ठेवले, डोंबारी आणले, झोपाळ्यांना घुंगरू बांधले. पण ऐकण्यासारखं उरलं नाही तसे विक्रेतेही पैसे देईनात. सुताराने तर त्याला दुकानाची पायरीही चढू दिली नाही. छप्पर गळू लागलं तेव्हा कानशेटने बिऱ्हाड गाडीत घातलं आणि तो दुसऱ्या गावाला निघून गेला. त्याला निरोप द्यायला वेशीपर्यंत कुणी गेलं नाही.

तुळसा चिंचेखाली येऊन नुसती बसत असे. कानशेट अजून गावात होता तेव्हाच्या एका दुपारी, कुणी काही विचारलं नसताना, ती बोलली.

"तिच्या डोक्यावर दाट जावळ होतं."

बायका ऐकत राहिल्या. कुणी औषध सांगितलं नाही, नवस सांगितला नाही. शेजारची बाई सरकून तिच्या जवळ बसली. मग तुळसा बराच वेळ बोलत राहिली आणि रडलीही.

दुसऱ्या सकाळी, आता कोण विकायला येतं बघू म्हणून, बयजाबाई मुठी आवळून उंबऱ्यात उभी राहिली. ऊन अंगणात उतरलं. गल्लीतून गाई गेल्या, पाणी आणणाऱ्या बायका गेल्या. त्यांच्या दारात मात्र कुणीही थांबलं नाही. थोड्या वेळाने आत माग सुरू झाला.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: माणसाचं सुखदुःख ऐकून घ्यायचं असतं; जो त्याचा बाजार मांडतो, त्याच्या सावलीत, ती फुकट मिळाली तरी, बसू नये.