चष्म्यावरचं औषध

“बाई, मग यातलं चांगलं यंत्र कोणतं?”

मकरंदने त्या सकाळी हे तिसऱ्यांदा विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं. ते बाईंच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं, एवढंच.

मालिनीबाई म्हणजे इचलकरंजीतल्या त्या लहानशा दवाखान्यातल्या छातीच्या डॉक्टर. मागावरचे दमेकरी तपासण्यात तीस वर्षं गेलेली. मकरंद सुवर्णपदक घेऊन त्यांच्या हाताखाली शिकायला आलेला. पोरगा हुशार, पण हुशारी दाखवायची खाज फार.

खाटेवर इरप्पा कोष्टी. चाळीस वर्षं यंत्रमागावर काढलेली. छातीत कापसाची धूळ नि कानात मागाचा खडखडाट, त्यामुळे दम कमी आणि ऐकू येणं त्याहून कमी. तीन दिवस औषध हुंगवूनही धाप बसेना. संध्याकाळपर्यंत उतार पडला नाही तर मिरजेला हलवून घशात नळी घालायची, असं ठरलं होतं. दाराशी बसलेल्या बायकोने कालपासून अन्नाला हात लावला नव्हता.

इरप्पाच्या तोंडावर मास्क होता आणि मास्कला मकरंदने आणलेलं नवं यंत्र. तळहातावर मावणारं, बारीक जाळीतून औषधाचं धुकं करणारं. आवाज म्हणून नाही. आधीचे दोन दिवस लावलेलं, कंपनांवर चालणारं यंत्रही तसंच मुकं. खाटेखाली दवाखान्याचं जुनं खोकं पडलं होतं, हवेच्या पंपाचं. ते सुरू झालं की शेजारच्या खोलीतलेही कुरकुरायचे.

मकरंद सांगत सुटला. थेंब किती बारीक, फुप्फुसात कुठवर जातात, धुकं किती दाट. मग इरप्पाकडे वळून म्हणाला, “काय काका, बरं वाटतंय ना?”

इरप्पाने मास्क खाली ओढला. डॉक्टरांशी तोंड झाकून बोलायचं कसं?

“आँ? काय... म्हणालासा, साहेब?”

मकरंदने पुन्हा विचारलं.

“व्हय, साहेब...” इरप्पाने खोकत मास्क वर घेतला. मकरंदचा पुढचा प्रश्न आला, मास्क पुन्हा खाली. धुकं आपलं वर चाललेलं.

बाई बघत होत्या.

मग त्यांनी इरप्पाच्या डोळ्यांवरचा चष्मा अलगद काढला. काचा ओल्या झाल्या होत्या. बाईंनी काचेवर बोट फिरवून जिभेला लावलं आणि चष्मा मकरंदपुढे धरला.

“चाख.”

“बाई, हे...”

“चाख.”

त्याने चाखलं. कडू होतं. सुवर्णपदकवाल्याचे कान लाल झाले.

बाईंनी नवं यंत्र बंद केलं, जुनं खोकं बाहेर ओढलं, औषध घातलं, मास्क नीट बसवला आणि बटण दाबलं. खडखडखड सुरू झालं. मकरंद काहीतरी म्हणाला, ते कुणालाच ऐकू आलं नाही. तो पुन्हा म्हणाला. इरप्पाने मानही वळवली नाही. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. त्याने डोळे मिटले आणि सावकाश श्वास ओढायला लागला.

बाईंनी बोटाने स्टूल दाखवलं. मकरंद बसला.

औषध संपल्यावर बाईंनी खोकं बंद केलं. थोड्या वेळाने धाप जराशी बसली. मग इरप्पाने दाराकडे बघितलं.

“जेवलीस का न्हाईस? जा, घरला जाऊन भाकरी खाऊन ये, मी हाय हितंच.”

तीन दिवसांत एका दमात बोललेलं हे त्याचं पहिलं वाक्य. बायकोने पदर डोळ्यांना लावला आणि उठली.

मकरंदला वाईट वाटलं होतं, आणि थोडा रागही आला होता. नव्या यंत्रात खोट नाही, उलट त्यातून औषध जास्तच पोचतं, असं तो हळू आवाजात म्हणाला. बाईंनी ते लगेच मान्य केलं.

“मग संध्याकाळी कोणतं लावू?”

बाईंनी चष्मा पदराने पुसला, इरप्पाच्या डोळ्यांवर ठेवला...

“तुला गप्प बसता येत असेल, तर नवं लाव.”